बेसची जागा

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी ती हॉलमध्ये भिंतीला धरून वाकून फिरत होती. तिच्या वेताच्या खुर्चीवर बाबांनी काळा चौकोनी सबवूफर ठेवला होता आणि त्यातून एकच जाड आवाज पुन्हा पुन्हा येत होता, पोटाला आधी कळणारा आणि कानाला मागाहून. बेसची जागा अशीच शोधतात म्हणे. माणूस जिथे बसणार तिथे पेटी ठेवायची आणि पेटी जिथे जिथे ठेवता येईल तिथे तिथे माणसाने हिंडून पाहायचं, गुडघ्यांवर, कान जमिनीजवळ नेऊन. जिथे आवाज भरीव आणि सारखा लागेल ती पेटीची जागा. भंडाऱ्याच्या दुकानातून स्पीकरचे टॉवर बसवायला आलेला सचिन स्वतः रांगायला तयार होता, त्याने पँट वर ओढून एक गुडघा टेकलाही होता. बाबांनी त्याला हाताने थांबवलं. "तू कायले? घर तिचं आहे. तिले समजते." आईचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून ती पदर खोचून कमरेत वाकून चालली, अंगण सारवताना चालायची तशी.

"इथं?" बाबांनी विचारलं.

"घुमून राहिलं जी."

"कोपरा आहे तो, घुमनच. समोर ये ना वो."

"लग्नातबी इतके फेरे नाही घेतले मी," आई म्हणाली. सचिन हसला. बाबा हसले नाहीत. आईने मान न वळवता डोळ्यांच्या कडेने माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या भिंतीकडे सरकली.

मी दाराच्या चौकटीला टेकून पुस्तक उघडून बसले होते आणि वाचत नव्हते. मला त्या दृश्याची चीड आली होती. खुर्चीवर ती काळी पेटी आणि खुर्चीची मालकीण भिंतीकडेने वाकलेली. नागपूरहून महिन्यातून एक रविवार मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला घरी येत असे, आणि तो रविवार बाबांच्या डब्यांत, तारांत, थर्मोकोलच्या चुऱ्यात गेला होता. दोन टॉवर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना उभे होते, छातीइतके उंच, तोंडं किंचित आत वळवलेली, आईच्या खुर्चीकडे. त्यांच्या टोकदार पायांखाली फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून आईने पोळपाटाखालचं फडकं फाडून दिलं होतं. पण त्या दिवशी मी जे पाहत होते ते वेगळंच होतं, आणि ते मी बऱ्याच वर्षांपासून पाहत होते. बाबा पेटीकडे पाहत नव्हते. हातातल्या रिमोटकडेही नाही. ते आईच्या तोंडाकडे पाहत होते. तिची भुवई आकसली की त्यांचा अंगठा खाली जाई. ती सैल झाली की थांबे. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन आई उभी राहिली, पाठ सरळ केली, म्हणाली, "इथं बरा वाटते." बाबा म्हणाले, "मले वाटलंच होतं." पेटी तिथे गेली. मग आई खुर्चीत बसली आणि बाबांनी गाणं लावून सगळा आवाज तिच्या चेहऱ्यावरून जुळवला, एखाद्या आरशात पाहून भांग पाडावा तसा. सचिनने कान देऊन ऐकलं आणि खरोखर आश्चर्याने म्हणाला, "काकाजी, परफेक्ट."

बाबांचा कान साऱ्या तालुक्यात नावाजलेला होता. माइकसेटचा धंदा त्यांनी माझ्या जन्माआधी सुरू केला. लग्न, भागवत सप्ताह, निवडणुकीची सभा आणि दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडया, म्हणजे जत्रा. मंडईच्या नाटकाला आंधळगावला दोन मंडप शेजारीशेजारी पडत, दोन्हीकडून भोंगे, आणि लोक म्हणत की वासुदेवरावाच्या मंडपात नटीची उचकीसुद्धा ऐकू येते. मी लहान असताना त्यांच्याबरोबर जाई आणि स्पीकरच्या खोक्यांच्या भिंतीमागे, तारांच्या वेटोळ्यावर झोपी जाई. माझ्या बरगड्यांना तो आवाज अजून माहीत आहे. बाबा मात्र खोक्यांच्या पुढे उभे राहत, अगदी तोंडाशी, रात्रभर, सबंध हंगाम. कानाला हात लावून वाकलेले. घरी येऊनही ते मोठ्याने बोलत आणि आम्ही त्याला त्यांचा स्वभाव समजत होतो. रागीट माणूस म्हणून ते गावात ओळखले जात. त्यातला राग किती आणि बाकीचं किती हे आता वेगळं करता येणार नाही, आणि मला ते करून द्यायचंही नाही. ज्या मुलीवर कारण नसताना ओरडलं गेलं तिला कारण मागाहून कळलं म्हणून ओरडणं परत जात नाही.

आधी बारीक आवाज गेले. कुकर बिघडला म्हणून त्यांनी तो फेकायला काढला, आईने शिटी बदलल्याचं नाटक करून तोच पुन्हा वापरला. मग ते म्हणू लागले की चिमण्या संपल्या. मागच्या अंगणातल्या पेरूवर संध्याकाळी इतक्या चिमण्या जमत की फोनवर बोलता येत नसे. त्या झाडाखाली बाज टाकून बाबा पाहुण्यांना सांगत, "चिमणी राहिलीच नाही गा आता." पाहुणे झाडाकडे बघत, मग आईकडे. आई म्हणे, "हाव, कमी झाल्या." पाहुणेही म्हणत, हाव. चिमण्यांनंतर बायकांचे आवाज गेले. म्हणजे आईचा गेला, माझा गेला. पुरुषांचे थोडे राहिले, आणि बेस राहिला, तो तर पायातूनही चढतो. आईने हे कोणालाही न सांगता काम अंगावर घेतलं. ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहू लागली, तो कान त्यातल्या त्यात बरा. खांद्यावर हात ठेवायची, ते मान तिच्याकडे झुकवायचे आणि ती लोकांचं बोलणं त्यांच्या कानाशी पुन्हा म्हणायची, असं की जणू स्वतःचं काही सांगते आहे. लोकांना वाटे, म्हातारपणी काय प्रेम आहे. बाहेरगावी जायचं तिने सोडून दिलं. भावाच्या नातवाच्या बारशाला आंबागडला गेली नाही. तिच्या या नोकरीला रजा नव्हती.

त्या रविवारी दुपारी सचिन गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती पोहे भाजत होती. हॉलमधून बेस येत होता आणि मांडणीवरचे पेले एकमेकांना टेकून बारीक वाजत होते.

"कानाची मशीन येते आई. केसांत दिसतबी नाही."

"माइकसेटवाला माणूस कानात मशीन घालून फिरन?" तिने उलथनं कढईच्या काठावर आपटलं. "त्याईले सांगशीन तं मरन तो माणूस. सांगू नको."

"मंग तू किती दिवस पुरशीन?"

"मी आहो ना."

तिच्या हाताला शेंगदाण्याची फोलपटं लागली होती. ती फुंकून टाकत ती म्हणाली, "बस चुकन तुही." मी निघाले तेव्हा बाबा दारात उभे राहून म्हणाले, "आयकला ना आवाज? साफ. एकदम साफ." मी मान हलवली. बस लगेच मिळाली. खिडकीशी बसून मी पुस्तक उघडलं आणि या वेळी खरोखर वाचलं. तो एक साधा दिवस होता आणि मी तो चिडण्यात घालवला.

दुसऱ्या दिवशी मला फोन आला तो बाबांचा नाही, शेजारच्या कुंताबाईंचा. आई मागच्या अंगणात पेरूखाली पडली होती. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी पोचले तेव्हा टॉवरवर पांढरी चादर टाकलेली होती, आणि क्षणभर मला वाटलं की आईला उभं करून झाकलं आहे. ती जमिनीवर होती. तिच्या डाव्या हाताला माती होती, नखांत, कोणी धुतली नव्हती. मी धुतली. बाबा भिंतीला टेकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होते, मोठ्याने, सभेत सांगावं तसं. "हूं नाही का चूं नाही. आवाज नाही केला तिनं. मी हॉलमंधी बसून, गाण्याची मशीनबी बंद, घर सारं शांत. एक हाक नाही मारली. अशी गेली." लोक म्हणत, पुण्यवान बाई. लोक म्हणत, कोणाला त्रास नाही दिला. निकेश पुण्याहून आला तेव्हा त्यालाही त्यांनी तेच सांगितलं, त्याच शब्दांत, आणि माझा भाऊ त्यांच्या गळ्यात पडून म्हणाला, "आई तशीच होती." मी त्या वाक्याची वाट पाहू लागले. दार वाजलं की मला कळे, आता ते येणार. एखादं गाणं नको असताना गल्लीतून येत राहावं, आणि त्याची पुढची ओळ आपल्याच तोंडात आधी यावी, तसं झालं होतं.

तेरवीच्या दिवशी मागच्या अंगणात कुंताबाई माझ्याबरोबर मोठी पातेली घासत होत्या. दोन घरांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे, आणि तरीही आवाज खाली आणला, ज्याची त्या घरात काही गरज नव्हती.

"बाई, एक सांगू का? तिनं हाका मारल्या वो. मी तिकडे भाजी चिरून राहिली होती. अवो, आयका ना जी, अवो... अशा. मले वाटलं, वासुदेवराव घरीच आहेत, जातीन. नवराबायकोच्या मंधात आपुन कायले? मंग आवाज बारीक झाला, तवा मी उठली. मागच्या फाटकाले इकडून कडी होती तुमची. समोरून फिरून आली तं तुहे बाबा फडकं घेऊन तो डब्बा पुसून रायले होते. मले म्हणते, काय झालं वो, काहून धावून रायली?"

नळ चालू होता. मी तो बंद केला.

"मी सांगू का त्याईले?" त्या म्हणाल्या.

"नको," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की मला आईचाच भास झाला. पुरुषाला जपायला बसलेली आणखी एक बाई. हॉलमधून बाबांचा आवाज आला. कोणी तरी उशिरा आलेलं होतं. एक हाक नाही मारली.

आईची गादी आणि कपडे रिवाजाप्रमाणे नदीवर गेले. तिने जुन्या साड्यांच्या शिवलेल्या वाकळाही बाबांनी देऊन टाकल्या, ज्या भिंतीशी चळत लावून ठेवलेल्या असत. पडदे धुवायला काढले ते पुन्हा लागले नाहीत. दिवाळीपासून कोपऱ्यात रचलेली धानाची पोती तेरवीला आणि नंतर गिरणीला गेली. हॉल उघडा पडला. त्यानंतर बाबांचे फोन सुरू झाले. ते फोन करत आणि बोलत, मी काय म्हणते ते त्यांना कळत नसे. पूर्वी फोन आईच्या हातात असे, आता बोलणं एका बाजूने वाहायचं. "मशीन खराब निघाली. बेस फाटून राहिला. तो सचिन चोर आहे." मी वर्गावर जाण्यापूर्वी, स्टाफरूमच्या जिन्यात उभी राहून हे ऐकत असे. निकेशचेही फोन येऊ लागले. त्याचा सूर समजूतदार होता आणि मला समजूतदार सुराची भीती वाटते. "ताई, तू जवळ आहेस. भंडाऱ्याले कॉलेज आहेतच ना. बाबांना कोणी तरी पाहिजे. ते आईबिना गोंधळून गेले."

"कशानं गोंधळले?" मी विचारलं.

"म्हणजे... सवय असते ना."

त्याला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. आम्ही सगळे त्या अंगणात चिमण्यांखाली बसून हाव म्हणणारे लोक होतो.

मी शनिवारी दुपारी पोचले तेव्हा सचिन बाहेर मोटारसायकलवर बसत होता. त्याचं तोंड उतरलेलं होतं. "ताई, मशीनले काहीच नाही झालं. मी सारं तपासलं. खोली रिकामी झाली, थोडं घुमन, पण इतकं नाही. काकाजींनी बेस पार वर नेऊन ठेवला, मी खाली केला तं मले चोर म्हणते." तो हेल्मेट हातात फिरवत राहिला. "तवा काकूनं लावून देला होता ना." मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि त्याने किक मारली.

आत टॉवरची जागा बदललेली होती. एक खिडकीत, एक देवघराकडे, फरशीवर ओरखड्यांच्या पांढऱ्या रेघा. आईचं फडकं कुठे दिसलं नाही. सबवूफर तिच्या खुर्चीवर होता. मी बॅग खांद्यावरून उतरवली नव्हती.

"बरी आली तू," बाबा म्हणाले. त्यांची दाढी वाढलेली होती, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात. "जागा पुन्हा पाहा लागते. फीर बरं तू, भिंतीभिंतीनं. वाकून."

"मी नाही फिरणार."

"हाव, तिकडून सुरू कर."

"बाबा, मी नाही फिरणार." मी मान हलवली, ती त्यांना दिसली. त्यांचा चेहरा लाल झाला. तो राग मला लहानपणापासून पाठ होता, कानशिलापासून सुरू होणारा. पण तो आला आणि कुठे जावं न कळून तिथेच थांबला. मग बाबांनी स्वतः गुडघे टेकले. मी त्यांना कधी जमिनीवर वाकलेलं पाहिलं नव्हतं, देवापुढेही ते उभ्यानेच हात जोडत. ते रांगत निघाले, एक हात भिंतीवर, आणि दर वेळी थांबून मान वर करून माझ्याकडे पाहत. "इथं?" खिडकीखाली. "इथं?" कोपऱ्यात. स्वयंपाकघराच्या दाराशी आले, जिथे आईने पाठ सरळ केली होती, आणि तिथेही त्यांनी तसंच विचारलं, "इथं?" त्यांना ती जागा ओळखू आली नव्हती. मी चेहरा हलू दिला नाही. भुवई नाही, ओठ नाही. एवढं एकच हत्यार आईने माझ्यासाठी मागे ठेवलं होतं आणि मला ते वापरायचं होतं. त्यांच्या डोळ्यांत मी काहीतरी चाचपडताना पाहिलं आणि मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, अजून एक भिंत बाकी आहे, तीही रांगा.

ते उठले, पेटी खुर्चीवरून उचलून धापा टाकत कोपऱ्यात नेली आणि माझ्या दंडाला धरून मला खुर्चीत बसवलं. खुर्चीचा वेत आईच्या आकाराने खोलगट झालेला होता. मी त्यात बसले आणि तो मला बरोबर झाला. "अशीच बस. तुही आई बसे तशी." त्यांनी गाणं लावलं, तेच, त्या रविवारचं. समोर उभे राहून रिमोट छातीशी धरला आणि माझ्या तोंडाकडे पाहत अंगठा फिरवू लागले. बेस वाढला. फरशीतून माझ्या टाचांत आला, मग मणक्यात. देवघरातली घंटा आपोआप किणकिणू लागली. भिंतीपलीकडून कुंताबाई ओरडल्या, "वासुदेवराव, भांडे पडून रायले माह्या घरचे!" ते माझ्याकडे पाहत होते. मी दगड होऊन बसले होते. आवाज अजून वाढला. गाणं उरलंच नव्हतं, एक बाई खूप लांब पाण्याखाली गात होती आणि वरून कोणी जमीन ठोकत होतं. मला निकेशचा समजूतदार सूर आठवला. भंडाऱ्याचं कॉलेज, संध्याकाळी पाचची बस, ही खुर्ची, डाव्या बाजूचा खांदा, हाव जी, कमी झाल्या. मला माझी सगळी वर्षं त्या खोलगट वेतात ठेवलेली दिसली.

"तोंड काहून असं करून बसली? सांग ना, बरा आहे का?" बाबा ओरडत होते, आणि त्या गोंगाटातही त्यांचा आवाज सभेसारखा स्पष्ट होता. "तुही आई बसल्या बसल्या सारं समजवून देई. बोला लागतच नव्हतं तिले. अशी बाई होती." त्यांचा हात रिमोटसकट खाली आला. डोळे भरले आणि त्यांनी ते टॉवरकडे वळवले, जणू त्यालाच सांगत होते. "जातानाबी आवाज नाही केला. एक हाक नाही..."

मी उठले. भिंतीवरचं मुख्य बटण खाली केलं. घंटा थोडा वेळ हलत राहिली, मग तीही थांबली. मागच्या दारातून पेरूवरच्या चिमण्यांचा कलकलाट आत आला, हॉल रिकामा असल्यामुळे चारी भिंतींवरून. बाबांनी आधी मशीनच्या विझलेल्या दिव्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "लाइन गेली का?" ते म्हणाले.

मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले. खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांची मान माझ्याकडे झुकली, डोळे किंचित मिटले, आता घरचं कोणी तरी सांगेल बाहेर काय चाललं आहे ते. त्यांच्या कानातले केस पांढरे झाले होते. मी तोंड अगदी जवळ नेलं, ओरडले नाही, फक्त एकेक शब्द सुटा केला.

"बाबा, आईनं हाका मारल्या होत्या. लय वेळा मारल्या. कुंताबाईले ऐकू आल्या. तुमाले नाही आल्या."